कारखान्याची वीज कोणाकडून घ्यावी? लघुउद्योगवाले, या जरा

भट्टीवाला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. इंडक्शन भट्टी, सीआय (बीडाचं) कास्टिंग, एचटी म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन, कंत्राट मागणी (करारात ठरलेला जास्तीत जास्त भार) १ मेगावॅटच्या बरीच आत. पूर्वी विमा एजंट यायचे तसे हल्ली वीज विकणारे यायला लागलेत. एक म्हणतो ग्रुप कॅप्टिव्हमध्ये या (काही कारखान्यांनी भागीदारीत घेतलेला वीजप्रकल्प), दुसरा म्हणतो ग्रीन ओपन ॲक्सेस करा (महावितरणऐवजी बाहेरच्या सौर-पवन प्रकल्पाची वीज घ्या). तिसरा म्हणतो छपरावर सोलर आम्ही आमच्या पैशाने बसवतो, तुम्ही नुसते युनिटचे पैसे द्या. तिघांच्याही पीपीटीत पहिल्याच पानावर "युनिटमागे एवढी बचत" असा ठळक आकडा. दुसऱ्या पानावर मात्र बारीक अक्षरांत 'लागू शुल्क वेगळे'.

आमच्याकडे वीज म्हणजे कच्चा मालच. एक टन लोखंड वितळवायला ५५० ते ६५० युनिट जातात, त्यामुळे युनिटमागे पन्नास पैसे इकडेतिकडे झाले तरी कोटेशन हलतं. त्यात वेळेनुसार दर बदलले. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ युनिटला दीड रुपया सवलत होती, म्हणून निम्मी शिरोली रात्रीच वितळवायची. जुलै २०२५ पासून सवलत दिवसा ९ ते ५ मध्ये आली आणि संध्याकाळी ५ ते मध्यरात्र महाग झाली. आता पाळी बदलायची की पुरवठादार बदलायचा?

ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांना आतलं कळतं त्यांनी लिहा. जाहिरात करणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा काढावा.

यंत्रमाग

वाचतोय. आमच्या इचलकरंजीत पण एजंट फिरतात, पण आमच्यासारख्या एलटीवाल्याच्या (लघुदाब कनेक्शन) दारात कोण थांबत नाही. सायझिंगवाले आणि प्रोसेसवाले सोडून.

तारमार्ग

वीज वितरणात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. भट्टीवाले, आधी तुमचं बिल समोर घ्या, पीपीटी बाजूला ठेवा. बिलावर मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, विद्युत शुल्क, वीज विक्री कर अशा ओळी दिसतील. एजंट आपल्या भावाची तुलना करतो ती बिलाची सगळी रक्कम भागिले युनिट, या आकड्याशी. आणि बदलणार असतो मुख्यतः वीज आकार.

मागणी आकार कंत्राट मागणीवर आहे. वीज बाहेरून घेतली तरी तो वितरण कंपनीला द्यायचाच, कारण त्यांची वाहिनी तुमच्यासाठी उभी आहे. बाहेरची वीज तुमच्या गेटपर्यंत आणायची म्हणजे पारेषण शुल्क (मोठ्या टॉवरवाहिन्यांचं) आणि वहन शुल्क (स्थानिक वाहिन्यांचं) आले. वाटेतली गळती तुमच्या खात्यावर, म्हणजे प्रकल्पाने १०० युनिट घातले तर तुम्हाला १०० मिळत नाहीत आणि पैसे मात्र १०० चे. त्यावर क्रॉस सबसिडी अधिभार (शेतीसारख्या ग्राहकांचा दर खाली ठेवायला बाकीच्यांकडून घेतला जातो तो) आणि लागू असेल तिथे अतिरिक्त अधिभार (तुमच्यासाठी आधीच करून ठेवलेल्या वीजखरेदीच्या खर्चाचा). एवढं सगळं मिळवून जो भाव येतो त्याला आम्ही 'गेटवरचा भाव' म्हणायचो. एजंटाकडून तोच लिहून घ्या.

स्पर्धा कुठून आली तेही थोडक्यात सांगतो. विद्युत कायदा २००३ ने ओपन ॲक्सेसचं दार उघडलं, पण १ मेगावॅटच्या वरच्यांसाठी. म्हणजे साखर कारखाने, स्टील, मोठ्या गिरण्या. लघुउद्योग वीस वर्षं दाराबाहेरच. जून २०२२ मध्ये केंद्राने हरित ऊर्जा ओपन ॲक्सेसचे नियम आणले आणि अपारंपरिक विजेसाठी ही मर्यादा १०० किलोवॅट केली. तुमच्या दारात एजंट यायला लागले ते त्यामुळे.

अंधेरीकर

आमच्या मुंबईत ही स्पर्धा तुमच्या आधीपासून आहे हो. साकीनाक्याला गाळा आहे माझा, प्लास्टिक मोल्डिंग, दोन इंजेक्शन मशीन. उपनगरात रिलायन्सच्या तारा होत्या, २०१८ पासून त्या अदानींच्या. टाटा मूळचे घाऊक पुरवठादार, पण ८ जुलै २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किरकोळ ग्राहकाला वीज द्यायचा त्यांचाही परवाना आहे. मग ऑक्टोबर २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने ठरवलं की तारा जुन्याच कंपनीच्या राहतील, वीज टाटांची घेता येईल. याला चेंजओव्हर म्हणतात. टाटांनी स्वतःची केबल टाकून जोडलं तर स्विचओव्हर.

चेंजओव्हरमध्ये गाळ्यात काही बदलत नाही. मशीन तीच, केबल तीच, फ्यूज उडाला तर माणूस तारवाल्या कंपनीचाच येतो. सुरुवातीला दरात चांगला फरक होता, लोक रांगा लावून गेले. मग २०११ मध्ये, टाटांकडे गेलेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसला आणि बऱ्याच जणांचं गणित फिरलं. दर आदेश आला की आमच्याकडे अजून चर्चा होते, इकडे की तिकडे. पण निदान चर्चा तरी होते. मुलुंड-भांडुपला महावितरण आहे, तिथे तीही नाही. दक्षिण मुंबईत बेस्ट.

तारमार्ग

अंधेरीकर, तुमच्या मुंबईच्या गोष्टीतला पुढचा भाग सांगितला नाहीत. स्पर्धा आली तेव्हा कोणाला कोण हवं होतं? २०१२ मध्ये आयोगाने मोठेमोठे ग्राहक निवडून घेतल्याबद्दल टाटांवर ठपका ठेवला आणि काही काळ महिना ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरतंच वळवायला सांगितलं. पुढे अपिलात त्यात बदल झाले, पण मुद्दा राहतोच. पुरवठादार ग्राहक निवडतो, ग्राहक पुरवठादार निवडतो असं आपण म्हणतो तेवढंच.

अंधेरीकर

मान्य. पण म्हणून एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं का?

हिशेबनीस

कॉस्ट अकाउंटंट आहे, पुणे-चाकण पट्ट्यातल्या काही लहान युनिट्सचं काम बघते. ग्रुप कॅप्टिव्हवर लिहिते, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होताना बघितली आहे.

कॅप्टिव्ह म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा प्रकल्प. कायद्याने कॅप्टिव्ह ग्राहकाला क्रॉस सबसिडी अधिभार नाही. अतिरिक्त अधिभारावर वाद होता, तोही १० डिसेंबर २०२१ ला महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मिटवला: कॅप्टिव्हवाल्याला तोही नाही. एजंट ज्या बचतीच्या गोष्टी करतो ती मुख्यतः या दोन अधिभारांची बचत आहे. वीज काही जादूने स्वस्त झालेली नसते.

आता अटी. विद्युत नियम २००५, नियम ३. वापरणाऱ्यांकडे मिळून किमान २६ टक्के भागभांडवल पाहिजे आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनीच वापरली पाहिजे. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही: गटातल्या प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात वीज वापरायला हवी, १० टक्के इकडेतिकडे चालतं. प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढली की हे प्रमाण लागू नाही असं काही विकासक म्हणायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही बंद केलं.

भट्टीवाले, तुम्ही सहा-आठ जणांच्या गटात आहात असं धरा. गटातल्या मोठ्या सभासदाची ऑर्डर गेली, त्याचं युनिट चार महिने बंद. वर्षाच्या शेवटी हिशेब झाला आणि गट ५१ टक्क्यांच्या खाली घसरला. अशा वेळी त्या वर्षी प्रकल्प कॅप्टिव्ह राहतच नाही. तुम्ही तुमच्या वाट्याची वीज इमानदारीत वापरली असली तरी वर्षभराचा अधिभार तुमच्याही दारात येतो. करारात हा धोका कोणाच्या डोक्यावर टाकलाय ते बघा. मी बघितलेल्या करारांत तो बहुतेक वेळा ग्राहकाच्या डोक्यावर होता, आणि शब्द असे की तीनदा वाचल्याशिवाय कळत नाही.

अजून एक. भागभांडवलाचे पैसे बाहेर पडताना कसे परत मिळणार? 'दर्शनी मूल्याने परत', म्हणजे शेअरवर छापलेल्या किमतीएवढेच, असं लिहिलेलं असतं. दहा-पंधरा वर्षांनी दर्शनी मूल्य म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

भट्टीवाला

ताई, हे सोन्यासारखं लिहिलंत. गटात बाकी कोण आहे हे मी विचारलं होतं, एजंट म्हणाला "गोपनीय आहे."

हिशेबनीस

मग सही करू नका. ज्यांच्या वापरावर तुमचा अधिभार ठरणार त्यांची नावंच माहीत नसतील तर कसं चालेल?

लेस्टरकर

मूळची सांगलीची, इथे इंग्लंडात आमचं छोटं रेस्टॉरंट आहे. तंदूर गॅसवर, कोल्ड रूम चोवीस तास विजेवर. तुमची चर्चा वाचून मजा वाटली, कारण तुम्ही जी शिडी चढताय ती इथे कधीच चढून झाली. इथेही स्पर्धा आधी १९९० मध्ये १ मेगावॅटच्या वरच्यांना दिली, १९९४ ला १०० किलोवॅटच्या वरच्यांना, आणि १९९८-९९ मध्ये सगळ्यांना. आता कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा डझनभर कंपन्यांतून निवडतो.

पण ऐका. घरगुती ग्राहकाला सरकारी कमाल दर आहे, धंद्याला नाही. धंद्याला फोनवर 'हो' म्हटलं तरी करार पक्का आणि विचार बदलायला मुदत नाही. शेजारच्या ड्रायक्लीनरवाल्या काकांना एकाने फोनवरच तीन वर्षांत बांधलं. नवीन दुकान घेतलं आणि करार केला नाही तर आधीच्या पुरवठादाराचा गृहीत धरलेला दर लागतो, तो सगळ्यात महाग. आणि मध्ये ब्रोकर. ब्रोकर म्हणतो माझी फी शून्य. त्याचं कमिशन युनिटच्या दरातच मिसळलेलं असतं. युनिटमागे २ पेन्स धरा, वर्षाला ३०,००० युनिट वापरणाऱ्या दुकानाचे ६०० पौंड झाले, तीन वर्षांचे १,८००. आधी सूक्ष्म व्यवसायांसाठी आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच व्यवसायांसाठी हे कमिशन उघड करायचा नियम आला. तोवर लोकांना पत्ताही नव्हता.

२०२१ मध्ये घाऊक गॅस भडकला तेव्हा ज्या पुरवठादारांनी पुढची खरेदी आधी करून ठेवली नव्हती ते धडाधड बुडाले. नियामक ग्राहकाला दुसऱ्या कंपनीकडे सोपवतो, दिवे जात नाहीत. पण घरगुती ग्राहकाची आगाऊ भरलेली रक्कम सुरक्षित राहते, धंद्याच्या रकमेची तशी हमी नाही. २०२२ च्या हिवाळ्यात सरकारला धंद्यांसाठी घाऊक विजेचा दर मेगावॅट-तासाला २११ पौंडांवर धरून मदत द्यावी लागली, नाहीतर आमच्या रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद पडली असती.

स्पर्धा नको असं मी म्हणत नाही. पण पुरवठादार स्वतः वीज कुठून घेतो आणि किती दिवसांची घेऊन ठेवली आहे, हे विचारायला शिका.

अंधेरीकर

फारच उपयुक्त. म्हणजे तुमच्याकडे ब्रोकर, आमच्याकडे एजंट. पीपीटी तीच असणार.

पीठगिरणी

मोठी मंडळी बोलतायत, मध्ये तोंड घालतो. नाशिकरोडला पिठाची गिरणी आणि मसाला कांडप, १५ एचपी. बिल आलं की पोटात गोळा. आमच्यासाठी यातलं काय? आम्हाला १०० किलोवॅट कुठून आणायचे?

तारमार्ग

खरं सांगायचं तर, काही नाही. एलटी औद्योगिक ग्राहकासाठी मुंबईबाहेर दुसरा पुरवठादार नाही. एकाच विभागातली अनेक कनेक्शन मिळून १०० किलोवॅट भरत असतील तर हरित ओपन ॲक्सेसला चालतं, पण ती सगळी एकाच ग्राहकाची हवीत. दहा गिरणीवाल्यांनी मिळून केलेलं चालणार नाही.

फ्रँचायझीवर (महावितरणचं वितरण खासगी कंपनीने ठेक्याने चालवणं) कोणी आशा लावू नका. भिवंडी जानेवारी २००७ पासून टोरंटकडे आहे. गळती तेव्हा ५८ टक्क्यांच्या घरात होती, ती खूप खाली आली हे खरं. पण दर महावितरणचाच राहिला. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला पुरवठादार बदलला म्हणून युनिटमागे दमडीची सूट मिळाली नाही. ती स्पर्धा ठेका मिळवण्यापुरती, ग्राहक मिळवण्यासाठी नव्हे.

यंत्रमाग

एकदम बरोबर. आमच्या भिवंडीच्या पाहुण्यांचं पण हेच. सवलत आहे ती सरकारची, यंत्रमागाचा दर वेगळा आहे म्हणून. उद्या सरकारनं हात काढला की काय?

तारमार्ग

आणि आता ज्याच्यामुळे मला इथे शिव्या पडणार ते लिहितो. ओपन ॲक्सेसवाला मोठा ग्राहक गेला की मागे कोण राहतं? शेतीपंप, घरगुती आणि तुमच्यासारखे एलटीवाले. उद्योगाचा दर सरासरी खर्चाच्या वर ठेवून शेतीचा खाली ठेवला जातो. वरचे निघून गेले की तो भार उरलेल्यांवर येतो. म्हणून तो अधिभार. त्याला दंड समजू नका, मागे राहिलेल्यांचं देणं आहे ते. तो किती असावा यावर वाद घालता येईल. २०१६ च्या राष्ट्रीय दर धोरणाने त्याला त्या वर्गाच्या दराच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल पट्ट्यात समांतर परवाना (महावितरणच्याच भागात दुसऱ्या कंपनीला वीज विकायचा) मागितला गेला म्हणून जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी ७२ तासांच्या संपावर गेले, आणि त्याच दिवशी चर्चेनंतर संप मागेही घेतला. लोकांना वाटलं नोकऱ्यांसाठी ओरडतायत. तेही होतंच. पण मागितलेला भाग बघा: तळोजा, टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा), नवी मुंबई. सगळी मलई. मेळघाटासाठी कोणी समांतर परवाना मागत नाही.

अंधेरीकर

तारमार्ग साहेब, भावना समजली. पण शेतीची स्वस्त वीज सरकारच्या तिजोरीतून द्या ना. माझ्या गाळ्याच्या बिलातून कशाला? दोन मशीनवाला काय मोठा भांडवलदार आहे? आणि मलई म्हणाल तर टीटीसीत माझ्यासारखेच हजारो गाळेवाले आहेत.

तारमार्ग

तिजोरीतून द्यावी हे मलाही मान्य. सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेने आहे: शेतीचे फिडर दिवसा सौर विजेवर, म्हणजे खर्चच कमी. ती नीट झाली तर क्रॉस सबसिडीची गरज घटेल. पण ते होईपर्यंत भार कोणी घ्यायचा, हा प्रश्न राहतोच.

लेस्टरकर

हे भांडण इथेही वेगळ्या नावाने चालूच असतं. इथे ते स्थिर शुल्कात लपतं.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे येऊ या. भट्टीवाले, तुमच्या बाबतीत मी या क्रमाने बघेन.

छप्पर आधी. छपरावरच्या विजेला तारच लागत नाही, म्हणजे पारेषण नाही, वहन नाही, गळती नाही, अधिभार नाही. पुरवठादारांची सगळी स्पर्धा जिथे अडते ती जागाच तुम्ही टाळता. महाराष्ट्रात नेट मीटरिंगला (उरलेली वीज ग्रीडला द्यायची, ती बिलातून वजा होते) परवानगी आहे. फाउंड्रीच्या शेडवर वाळूची धूळ बसते, पॅनल धुण्याचा खर्च धरा, आणि जुन्या शेडचे ट्रस वजन घेतील का ते स्ट्रक्चरलवाल्याकडून तपासून घ्या. एजंट हे दोन्ही धरत नाहीत.

मग पाळी. दिवसाच्या सवलतीच्या तासांत वितळवणं आणून बघा. सौर वीजही त्याच तासांत येते. मात्र एक मेख आहे: त्या तासांत ग्रीडची वीजच स्वस्त झाली, की सौर युनिटची बचतही तेवढीच कमी होते. जुन्या दराने काढलेला परतफेडीचा तक्ता कोणी दाखवला तर परत पाठवा.

बाहेरची वीज सगळ्यात शेवटी, आणि तीही कंत्राट मागणीच्या काही भागापुरतीच. रात्रीची भट्टी सौर प्रकल्पाच्या दिवसाच्या विजेवर चालवता येते असं कोणी सांगत असेल तर बँकिंगचे नियम विचारा. दिवसा जमा केलेले युनिट संध्याकाळच्या महाग तासांत उचलता येत नाहीत.

भट्टीवाला

पॉवर एक्स्चेंजवरून (विजेचा बाजार) घेणारे पण आहेत आमच्याकडे एक-दोन. त्याचं काय?

तारमार्ग

ते एक मेगावॅटच्या वरचे असणार. तिथे पंधरा मिनिटांचा एक, असे दिवसाचे ९६ भाव असतात. कधी दुपारी मातीमोल, कधी संध्याकाळी युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकलेला. भट्टीत धातू अर्धा वितळलाय आणि भाव चढला, मग काय करणार? तुमच्यासाठी नाही ते.

भट्टीवाला

ठरवलं. तिन्ही एजंटांना एकच मेल टाकली: गेटवरचा भाव सगळ्या शुल्कांसह, गटातल्या सभासदांची नावं आणि हिस्से, अधिभार बसला तर कोण भरणार, आणि तक्ता जुलै २०२५ च्या दराने. छपरावाल्याचं उत्तर आलं, ट्रस बघायला माणूस पाठवतोय. ग्रुप कॅप्टिव्हवाला म्हणतो "प्रत्यक्ष भेटून बोलू."

यंत्रमाग

भेटून बोलू म्हणजे कागदावर देणार नाही 😄

पीठगिरणी

छपराचं मला पण जमेल म्हणता? पण गाळा भाड्याचा आहे. छप्पर मालकाचं, मीटर माझ्या नावावर.

हिशेबनीस

जमेल. जागा मालकीची नसली तरी कायदेशीर ताब्यात असली की चालतं. नोंदणी केलेला भाडेकरार आणि छपरासाठी मालकाचं वेगळं लेखी संमतीपत्र लागेल. भाडेकराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी ठेवू नका, आणि गाळा सोडावा लागला तर पॅनल कोणाचे हे त्याच कागदात लिहून घ्या. मंजूर भार बिलावर बघा, छपरावरची क्षमता त्याच्या आत ठेवावी लागते. १५ एचपीला ११ किलोवॅटच्या आसपास येतं.